सूर्यास्ताची दोन मिनिटं

भौतिकशास्त्र म्हटलं की आपल्या घरांत अजून दोनच गोष्टी ऐकू येतात. मुलगा असेल तर, "कोटाला पाठवायचं का?" आणि मुलगी असेल तर, "कॉमर्स घे बाई, घरबसल्या होतं." विषय आवडतो का, हे दोघांनाही कुणी विचारत नाही.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा ग्वाल्हेरच्या आमच्या समाजातल्या नववी-दहावीच्या मुलांना फोनवरून भौतिकशास्त्र शिकवायचं मी ठरवलं. दाणाओळी, नया बाजार, मुरार इथली अकरा मुलं जमली. त्यांत सात मुली. आठवडाभरात मुली तीनच उरल्या. चौकशी केली तर कारण साधं होतं. घरात चांगला फोन एकच, आणि त्याच वेळी भावाचा वर्ग. भावाचा वर्ग बुडवणं कुणाच्या मनातही येत नव्हतं.

मी आयांना फोन लावले. दुपारचं आवरल्यावर दोन ते पावणेतीन तुमचा फोन रिकामा असतो ना? मग तो लेकीला द्या. वर्ग दुपारी नेला आणि सातही मुली परतल्या. वर फायदा असा झाला, की फोन आईचा असल्याने आईही शेजारी बसू लागली. हातात निवडायची मेथी, कान वर्गाकडे.

शिकवायचं कसं, हा पुढचा प्रश्न. फोनवर नुसतं व्याख्यान दिलं तर मुलं कॅमेरा बंद करून झोपतात. कोलोरॅडो विद्यापीठात नोबेलविजेते कार्ल वायमन यांनी २००२ साली सुरू केलेला 'फेट' नावाचा उपक्रम आहे. त्यातली चलचित्रं फुकट मिळतात, काही मराठीतही आहेत. ती दाखवली. पण पडद्यावरचा लंबक आणि स्वतः टांगलेला लंबक यांत फरक राहतोच. म्हणून सांगितलं, दोरीला कुलूप बांधा, खुंटीपासून कुलपाच्या मध्यापर्यंत बरोबर एक मीटर ठेवा, हलकासा झोका द्या आणि फोनच्या घड्याळावर वीस झोके मोजा. जाऊन परत आला की एक झोका. सगळ्यांचे चाळीस सेकंदांच्या आसपास आले. मग कुलपाच्या जागी पितळेचा तांब्या, लांबी तीच. पुन्हा चाळीस! "वजन वाढलं तरी वेळ तोच कसा काय?" हा प्रश्न एका आईनं विचारला, मुलीनं नव्हे. मग दोरी पाव मीटर केली, तर वेळ अर्धा झाला. लांबी चौपट कमी, वेळ निम्मा. हे सूत्र पाठ करायची गरज कुणालाच पडली नाही.

वेगाच्या धड्याला आमची छोटी रेल कामाला आली. ग्वाल्हेर ते श्योपूर, रुळांतलं अंतर जेमतेम दोन फूट, प्रवास साधारण दोनशे किलोमीटरचा, वेळ दहा-अकरा तास. भागाकार केला तर ताशी एकोणीस-वीस किलोमीटर. "इससे तो साइकिल भली!" एकजण ओरडला. मग स्टेशनांवर थांबण्याचा वेळ वजा केला, आणि सरासरी वेग व धावतानाचा वेग यांतला फरक आपोआप समजला. ती गाडी त्याच मार्चमध्ये थांबली, ती पुन्हा धावलीच नाही. निदान एका धड्यात तरी राहिली.

खरा पेच आला तो प्रकाशाच्या धड्यात. वातावरणामुळे किरण वाकतात, म्हणून सूर्य क्षितिजाला टेकलेला दिसतो, तेव्हा खरं तर तो पूर्ण खाली गेलेला असतो. आपल्याकडे हा फरक दोन-अडीच मिनिटांचा. एका मुलीनं लगेच विचारलं, "मग मावशी, शेवटचा घास आम्ही सूर्य बुडाल्यावर खातो का?" पलीकडून तिच्या आजींचा आवाज आला, "म्हणून तर दोन घटका आधी आटपायचं सांगितलंय!" दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. सगळे हसले.

एका मुलानं पुढे विचारलं, "म्हणजे आपल्या आचार्यांना हे आधीच माहीत होतं?" इथे 'हो' म्हणणं फार सोपं होतं. सगळे खूश झाले असते. मी म्हटलं, आजींचं उत्तर छान आहे, पण तो पुरावा नाही. नियम अहिंसेसाठी आहे, अंधारात जीव दिसत नाहीत म्हणून. प्रकाश किती वाकतो हे मोजायला तो केलेला नाही. तसंच धर्मद्रव्याचं. पाठशाळेत शिकलो, पाणी माशाला ढकलत नाही, पण पोहायला निमित्त होतं, तसं धर्मद्रव्य गतीला निमित्त. विचार किती सूक्ष्म! पण १६८७ साली न्यूटननं मांडलेला नियम वेगळं काही सांगतो. सरळ रेषेत एकाच वेगानं चाललेल्या वस्तूला चालत राहायला काहीच लागत नाही, वेग बदलायला मात्र बल लागतं. आणि ते बल किती, हे आकड्यात सांगावं लागतं. दोन्ही शिका, पण एकाच्या तोंडात दुसऱ्याचं वाक्य घालू नका. अनेकान्त म्हणजे सगळ्याची खिचडी नव्हे. कोणती गोष्ट कोणत्या अपेक्षेनं म्हटली, हे नीट सांगणं म्हणजे अनेकान्त.

त्या संध्याकाळी समाजातल्या एका वडीलधाऱ्यांचा फोन आला. "मुलांची श्रद्धा हलेल अशानं." मी नम्रपणे म्हटलं, काकाजी, मोठी होऊन कॉलेजात गेल्यावर कुणी त्यांना हाच प्रश्न विचारील. तेव्हा घरी ऐकलेलं उत्तर खोटं निघालं, तर श्रद्धा जास्त हलेल. ते थोडा वेळ गप्प राहिले. पण त्यांची नात दुसऱ्या दिवशी वर्गात होती.

सातांपैकी तिघींनी अकरावीला विज्ञान घेतलं. चौघींनी नाही घेतलं, आणि त्यात वाईट काही नाही. त्यांना विचारून झालं, एवढं पुरे. शाळा उघडल्या तरी दुपारचा वर्ग आता रविवारी चालतो. मैत्रिणींनो, तुमच्या घरी नववीतली लेक असेल, तर दुपारची पाऊण तास तुमचा फोन तिला द्या. दोरी आणि कुलूप घरात आहेच. आणि मेथी घेऊन शेजारी बसा, प्रश्न तुम्हालाही पडतील.