काळी बांगडी

सचिनच्या आमच्या घरात फ्रिजच्या दाराला दोन काळे तुकडे चिकटलेले असतात. एकाखाली लाइटबिल, दुसऱ्याखाली गॅसची पावती. पाहुण्यांना ते भंगार वाटतं, आणि भंगारच आहे ते. एका फाटलेल्या स्पीकरच्या लोहचुंबकाचे हे दोन अर्धे भाग गेली तीस वर्षं माझ्याबरोबर खोल्या बदलत आले आहेत.

सचिन म्हटलं की मराठी माणसाला क्रिकेट आठवतं, म्हणून पत्ता आधीच सांगून टाकतो. सुरतेहून मुंबईकडे निघालं की उधना, भेस्तान आणि मग सचिन. जीआयडीसी, लूमची खाती, प्रोसेस हाउसची धुराडी. खानदेशातून आलेली माणसं इथे गल्लोगल्ली आहेत. नाना, म्हणजे माझे वडील, चोपडा तालुक्यातल्या तापीकाठच्या गावातून आले आणि लूमवर लागले. तापी मात्र त्यांच्या आधीपासून इकडेच येत होती. गावापुढून गेलेलं तेच पाणी उकाईच्या धरणात अडतं आणि तिथली चार जनित्रं फिरवतं. नाना म्हणायचे, गावचं पाणी आपल्यामागे वीज होऊन आलं.

1994 च्या श्रावणात गल्लीत खानदेशची देवी कानबाई बसली होती. रात्रभर अहिराणी गाणी वाजवून पहाटे एक स्पीकर फाटला. विसर्जन झाल्यावर नानांनी तो हातोडीनं फोडला आणि लोखंडाच्या दोन तबकड्यांमध्ये चिकटवलेलं ते काळं कडं सोडवून माझ्या हातात दिलं. नऊ वर्षांचा होतो मी. आम्ही पोरं त्याला बांगडी म्हणायचो. तिनं आम्ही रस्त्याच्या धुळीतून लोखंडाचा कीस वेचला, आईच्या सुया एकमेकींना चिकटवल्या, आणि एका दुपारी मी ती घरमालकाच्या कलर टीव्हीच्या काचेला लावली. चित्र एका बाजूला वाकलं आणि तिथे जांभळा-हिरवा डाग उमटला. बांगडी काढली तरी डाग राहिला. मार खाल्ला. वाहत्या विद्युतभाराला चुंबक आडवा ढकलतो, हा नियम पाठ करायची वेळ पुढे आली तेव्हा मला तो गालावर ओळखीचा वाटला.

मग सप्टेंबरात सुरतेत प्लेग आला. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांना ती पळापळ सांगून कळत नाही. तोंडाला फडकी बांधलेली माणसं, गोण्या, पोरं, कोंबड्यासुद्धा, आणि सगळ्यांना भुसावळकडे जाणारीच गाडी हवी. उधन्याच्या फलाटावर नानांनी मला खिडकीतून आत ढकललं, आणि त्या ओढाताणीत माझ्या खिशातली बांगडी खाली पडली. नाना शिव्या देत वाकले, दोन तुकडे उचलून माझ्याकडे फेकले आणि गाडीबरोबर धावत दारातून चढले. जीव वाचवायला निघालेला माणूस पोराच्या चुंबकासाठी फलाटावर वाकला, हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही.

गाडीत धरणगाव येईपर्यंत मी ते तुकडे जुळवत बसलो. तुटलेल्या कडा एकमेकींत तंतोतंत बसणाऱ्या होत्या, पण बसेनात. जवळ आणलं की हाताखालून निसटायचे. जोर केला तर एक सरकून दुसऱ्याच्या पाठीवर चढायचा आणि तिथे मात्र घट्ट बसायचा. माय विचारत होती, “काय व्हयनं रे?” मला सांगता येईना. बशी फुटली तर तिचे तुकडे निदान एकमेकांना ढकलत तरी नाहीत.

दिवाळीनंतर परत आलो. पुढे शाळेत चुंबकाचा धडा आला. चुंबक तोडला तर प्रत्येक तुकड्याला उत्तर आणि दक्षिण असे दोन्ही ध्रुव असतात. पट्टी मधोमध तोडली की तुटल्या जागी समोरासमोर विरुद्ध ध्रुव येतात आणि तुकडे एकमेकांना ओढतात. मी हात वर करून म्हटलं, माझे ढकलतात. गुरुजींनी सांगितलं, नीट बघ, पुस्तकात काय लिहिलंय. मी पुस्तकात बघितलं. पुस्तकात ओढतच होते. परीक्षेत मीही ‘ओढतात’ लिहिलं आणि गुण मिळवले.

दहावीनंतर मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात लागलो. उस्ताद बऱ्हाणपूरचे. लूमच्या जळालेल्या मोटरी हातगाडीवरून यायच्या आणि सगळी गल्ली वार्निशच्या जळक्या वासानं भरून जायची. छिन्नीनं एका बाजूची वेटोळी उडवायची, दुसऱ्या बाजूनं तांबं ओढून काढायचं, आटे मोजायचे, तारेची जाडी बघायची, खाच्यांत नवा कागद घालून तेवढेच आटे पुन्हा भरायचे. वार्निश पाजलं की रात्रभर स्टेटरच्या पोटात दोनशे वॉटचा बल्ब पेटवून ठेवायचा. थंडीत आम्ही त्या मोटरींच्या कडेलाच झोपायचो.

उस्ताद मोटर उघडायचे, आत एकदा बघायचे आणि म्हणायचे, “दो जली, एक कोरी. फेज उड गया.” मला तो चमत्कार वाटायचा. तीन फेजपैकी एकाचा फ्यूज जातो, लूम तशीच चालू राहते, कारीगराच्या लक्षात येत नाही, आणि मोटर उरलेल्या दोन तारांवर रखडत तापत जाते. जोडणी स्टार असेल तर वीज एका वेटोळ्यातून येते, दुसऱ्यातून परत जाते, तिसऱ्याला कुणी विचारतच नाही. म्हणून दोन काळी, एक सोनेरी. डेल्टा असेल तर उलटं: एक जळून कोळसा, दोन शाबूत. वीज कुठून गेली हे बघता येत नाही, पण ती गेल्यानंतर वाचता येतं. मी भौतिकशास्त्र असं जळक्या बाजूनं शिकलो.

काही गोष्टी कानानं शिकलो. चांगली मोटर घुमते, त्या घुमण्याला एक ठरावीक सूर असतो. आपली वीज सेकंदाला 50 वेळा हेलकावते, पण लोखंडाला ओढ दोन्ही हेलकाव्यांना बसते, म्हणून ट्रान्सफॉर्मर आणि मोटर 100 च्या सुरात गुणगुणतात. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर–सोलापूर वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचं जाळं बाकीच्या देशाशी एका ठेक्यात आलं. तेव्हापासून सोलापूरचा ट्रान्सफॉर्मर असो की सचिनचा, की पार केरळातला, सूर एकच. संगीतवाल्यांना हे कुणी सांगितलंय की नाही कोण जाणे.

मोटरीवरच्या पट्टीवर मात्र 1440 फेरे लिहिलेले असायचे. चार ध्रुवांच्या मोटरीतलं चुंबकीय क्षेत्र मिनिटाला 1500 फेरे घेतं. मग साठ गेले कुठे? उस्ताद म्हणायचे, घासण्यात गेले. मीही तेच पुढच्या पोरांना सांगत आलो.

तर आता मुलगी बारावीला आहे. गुजराती माध्यम. तिला विज्ञान घ्यायचं होतं, आणि घराजवळ मराठीत ते कुठे मिळणार? रात्री जेवणं झाली की ती उजळणी करते आणि मी समोर बसतो. सुरुवातीला नुसता सोबतीला बसायचो. एकदा ती म्हणाली, “पप्पा, प्रकाशाची आवृत्ति काढायची आहे.” मी म्हटलं, पहिली की दुसरी? मराठीत आपण वारंवारिता म्हणतो. गुजरातीत तिला आवृत्ति म्हणतात, हे मला इथे जन्म काढूनही माहीत नव्हतं. मग मीही पुस्तक ओढून घेतलं. गुजराती वाचता येतंच.

साठ फेऱ्यांचं उत्तर पानभर गणितानंतर सापडलं. आतल्या रोटरला बाहेरून वीज दिलेलीच नसते. क्षेत्र त्याच्यापुढे पळतं, त्याच्या सळ्यांना छेदून जातं, त्या छेदण्यातूनच सळ्यांत वीज उपजते आणि त्या विजेमुळे तो ओढला जातो. त्यानं क्षेत्राला गाठलं तर छेदणं थांबेल, वीज थांबेल, ओढही थांबेल. म्हणून तो कायम थोडा मागे. फॅरडेनं 1831 मध्ये लोखंडी कड्यावर दोन वेटोळी गुंडाळून जे पाहिलं, त्यातूनच हे निघतं: चुंबक नुसता जवळ असून भागत नाही, बदलावा लागतो. घासण्याचा वाटा अगदी थोडा. उस्ताद आता नाहीत. असते तर मुद्दाम जाऊन सांगितलं असतं, आणि त्यांनी ऐकून घेऊन घासण्यावरच बोट ठेवलं असतं.

तरंगांच्या धड्याला आम्ही स्टेशनवर गेलो. सचिनला राजधानी थांबत नाही, तेच आमच्या कामाचं. भोंगा वाजवत येते आणि समोरून जाताक्षणी सूर खाली घसरतो. ताशी 120 किलोमीटर धरले तर सेकंदाला तेहेतीस मीटर. ध्वनी साधारण 340. तिनं वहीत गुणोत्तर काढलं, सहास पाच. हार्मोनियमवर कोमल गंधारावरून षड्जावर उतरावं एवढं. 1845 मध्ये बाइस बॅलट नावाच्या डच माणसानं हेच तपासायला आगगाडीवर तुतारीवाले बसवले होते, हे वाचून ती एवढी हसली की बाकावरची माणसं बघायला लागली.

दिवाळीच्या सुट्टीत जंजिऱ्याला गेलो होतो. सचिनकराला जंजिऱ्याचं एक घरगुती कुतूहल असतं, कारण 1791 मध्ये जंजिऱ्याच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या सिद्दीनं तो हक्क पेशव्यांना सोडला आणि बदल्यात त्याला सचिनची जहागीर मिळाली. पेशव्यांना जंजिरा कधीच मिळाला नाही. सचिनचे नवाब मात्र 1948 पर्यंत नांदले. व्यवहारात कोण फसलं हे सांगायला नको. येताना अलिबागला थांबलो, आणि तिथली चुंबकीय वेधशाळा बाहेरूनच बघितली. मुंबईत कुलाब्याला 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा त्यांच्या प्रवाहानं त्या नाजूक सुया चळणार हे उघड होतं. संचालक नानाभाई मूस यांनी 1904 मध्ये अलिबागला नवं ठिकाण उभारलं, बांधकामात लोखंड टाळलं, आणि नोंदींचा धागा तुटू नये म्हणून दोन वर्षं दोन्हीकडे मोजमाप चालू ठेवलं. ट्राम आल्या 1907 ला. आता त्या गेल्या, वेधशाळा आहे. माझ्या पँटच्या खिशात तेव्हा बांगडीचा एक तुकडा होता, दुसरा मुलीच्या पिशवीत. मी नकळत दोन पावलं मागे सरलो. मुलगी म्हणाली, “पप्पा, एवढ्यानं काही होत नाही.” होत नसेलही.

तिथून आल्यावर परत फ्रिजला लागलेले दोन्ही तुकडे तिनं काढून टेबलावर ठेवले. दहा रुपयांचं होकायंत्र आणलं होतं. तिनं ते तुकड्याच्या तुटलेल्या कडेशी नेलं, मग वरच्या सपाट अंगाशी, मग खालच्या. वरच्या अंगाला सुईचं लाल टोक ओढलं गेलं, खालच्या अंगाला तेच टोक पळालं. पट्टीसारखे ध्रुव टोकांना नव्हतेच. स्पीकरच्या कड्याचा एक सपाट चेहरा अख्खा उत्तर, दुसरा अख्खा दक्षिण. मधे तारेचं वेटोळं हलावं म्हणून ते तसंच करतात. मधोमध मोडलेली भाकरी जशी, दोन्ही तुकड्यांना वरचा पदर वर आणि खालचा खालीच. शेजारी ठेवले की उत्तरेशेजारी उत्तर, दक्षिणेशेजारी दक्षिण. ढकलणारच. पुस्तक खोटं नव्हतं, मीही नव्हतो. पुस्तकातली तोड वेगळी होती आणि उधन्याच्या फलाटावरची वेगळी.

तिनं एक तुकडा उलटा केला. टक्क करून कडेला कड बसली. तीस वर्षांत हे मला सुचलं नव्हतं, कारण उलटा केला की नक्षी जुळत नाही, तुटीचा खाचखळगा बसत नाही. मी कायम तुटीकडे बघून जुळवत आलो.

“म्हणजे आधीही ते ढकलतच असणार,” ती म्हणाली.

“कधी?”

“अख्खी होती तेव्हा. दोन्ही अर्धी एकमेकांना ढकलत होती. भट्टीत भाजून चिकटलेली होती म्हणून दिसलं नाही.”

मी तुकडा हातात घेऊन कडेवरून बोट फिरवलं. आत तोच करडा रंग, लोखंडाच्या गंजाची भाजून केलेली माती. मग तिनं पुढचं प्रकरण उघडलं, प्रत्यावर्ती प्रवाह, आणि मी उठून लाइटबिल परत फ्रिजला लावलं.