सोपाऱ्याचा समुद्र कुठे गेला?

पश्चिम रेल्वेच्या नालासोपारा स्थानकावर पश्चिमेला उतरून सोपारा गावात गेले की विटांचा प्राचीन स्तूप दिसतो. गावकरी त्याला ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो खणला, तेव्हा आत दगडी पेटी, तिच्यात करंडक व बुद्धमूर्ती मिळाल्या. सम्राट अशोकाचे शिलालेखही याच परिसरात सापडले. शूर्पारक या नावाने हे बंदर दूरदेशीच्या व्यापाऱ्यांना माहीत होते.

स्तूप पाहून मुले हमखास विचारतात, ‘इथे बंदर होते, तर जहाजे कुठून येत?’ प्रश्न रास्त आहे. उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला वसईची खाडी आणि मध्ये सोपाऱ्याची खाडी. पावसाळ्यात डोंगरांवरची माती नद्यांबरोबर खाली येते. भरतीचे पाणी गढूळ होऊन खाडीत शिरते. भरती संपून ओहोटी लागण्यापूर्वी पाणी घटकाभर स्थिर होते, तेवढ्यात गाळ तळाशी बसतो. ओहोटी तो सगळा परत नेत नाही. दिवसातून दोनदा, शेकडो वर्षे हे चालले. खाडी उथळ झाली आणि जहाजांनी दुसरी बंदरे धरली.

हाच गाळ आजच्या मुंबई बंदरातही आहे. पलीकडच्या किनाऱ्यावर न्हावा-शेवा येथे १९८९ साली जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. कंटेनरची मोठी जहाजे नैसर्गिक खोलीत तरंगू शकत नाहीत, म्हणून समुद्राच्या तळाशी लांबच लांब चर खणून वाट केली आहे. पण चर म्हटला की आजूबाजूचा मऊ चिखल त्यात घसरणारच! पावसाळ्यानंतर तर तो अधिकच भरतो. म्हणून ड्रेजर नावाचे जहाज लांब नळ्या तळाशी सोडून गाळ ओढते, पोटात भरते, दूर समुद्रात नेते व तळाची दारे उघडून टाकते. कुठे कठीण खडक लागला तर तो आधी फोडावा लागतो.

गाळ टाकायची जागा चुकली, तर भरती तो पुन्हा आत आणते. मासे जिथे वाढतात तिथे पडला, तर कोळी बांधवांची जाळी रिकामी राहतात. खाडीकाठची तिवरे गाळ धरून ठेवतात. ती तोडून भराव घातला की खर्च आणखी वाढतो.

आपल्यापैकी कितीतरी घरांत कोणी ना कोणी गोदीत राबले आहे. बंदर म्हटले की धक्का आणि क्रेन डोळ्यांसमोर येतात. परंतु धक्का कितीही भक्कम असला तरी पुढचे पाणी उथळ झाले की काम थांबते आणि चूलही थांबते. गाळ उपसणे हे बंदराचे रोजचे झाडणे-लोटणेच आहे. ते काम कोणाला दिसत नाही, पण ते थांबले की काय होते ते सोपाऱ्याला दिसते.

सुटीच्या दिवशी मुलांना घेऊन जरूर जा. स्तूपाला वंदन करा आणि जवळची खाडीही दाखवा.