मोत्याची झोप

जमिनीतून येणारे गूढ आवाज आमच्या वसमत तालुक्याला नवे नाहीत. १० जुलै २०२४ रोजी सकाळी सव्वासातच्या सुमारास मात्र हिंगोली जिल्हा ४.५ तीव्रतेच्या भूकंपाने हादरला. भांडी खडखडली, आम्ही अंगणात धावलो. घर शाबूत राहिले. आमच्या मोत्याची झोप तेवढी मोडली. रात्रभर तो कान टवकारून बसे. डोळा लागलाच, तर विव्हळत दचकून उठे. कुरवाळायला गेलेल्या मुलावर तो एकदा गुरगुरलाही.

पशुवैद्यांनी आधी त्याला कुठे दुखत नाही ना, हे तपासले. मग म्हणाले, ‘‘झोपेत हात लावू नका, दुरून नावाने हाक मारा. घाबरला म्हणून रागावू नका. खाणे, फिरणे, निजणे ठरल्या वेळी होऊ द्या. माणसांची झोपेची गोळी मात्र कदापि देऊ नका.’’

त्याचे पोते मी माझ्या खाटेशेजारी आणले आणि रोज दहाला दिवा मालवू लागलो. काही आठवड्यांनी तो पाय ताणून घोरू लागला. तेव्हा उमगले, इतके दिवस मीही जमिनीचा कानोसा घेत जागाच होतो. भूगर्भ शांत राहील, याची हमी कोण देणार? वेळेवर दिवा मालवणे आपल्या हाती आहे.