घरात नाहीत

२०२५ च्या ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री घातली गेली, काही जणांनी ती उतरवली, न्यायालयात आणि रस्त्यावर वाद पेटला, आणि पंधरवडाभर घराघरांत दोन तट पडले. त्या दिवसांत आम्हांला ओळखीच्या माणसांचे फोन येऊ लागले. प्रश्न एकच होता : तुम्ही कोणत्या बाजूचे? विचारणाऱ्यांना आमचा इतिहास ठाऊक होता. आम्ही म्हणजे आम्ही दोघे भाऊ. पुण्याच्या पूर्व भागातील एका पेठेत, आमच्या तीन मजली घराच्या गच्चीवर, १९९२ पासून २००८ पर्यंत शर्यतीच्या कबुतरांची ढाबळ होती. ती वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, उभारली आणि आम्ही मोडली. फोनवर आम्ही काहीतरी गुळमुळीत उत्तरे दिली. खरे उत्तर द्यायचे तर त्या सोळा वर्षांतील एका हिवाळ्याविषयी बोलावे लागले असते, आणि त्याविषयी आम्ही आजवर एकमेकांशीही नीट बोललेलो नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, जरी पुढे तिचा फारसा उपयोग होणार नाही. कबुतरखान्यातले पारवे आणि आमची ‘होमर’ कबुतरे एकाच जातीची. प्राणिशास्त्र त्यांच्यात भेद करीत नाही. आम्ही करीत असू, आणि त्या भेदाचा आम्हांला ताठा होता. पारवा दाणे टाकील त्याचा. होमर मात्र रुंद छातीचा, चोचीच्या मुळाशी खडूसारखी पांढरी गाठ असलेला, दोनशे किलोमीटरवर नेऊन सोडला तरी आपल्या फळीवर येऊन बसणारा. मराठीत या छंदाला प्रतिष्ठा नाही. अकबर त्याला ‘इश्कबाजी’ म्हणे आणि त्याच्या दरबारात वीस हजारांहून अधिक कबुतरे होती, असे अबुल फजल ‘आइन-इ-अकबरी’त नोंदवतो. आपल्याकडे मात्र ‘कबूतरबाजी’ हा शब्द पत्ते आणि तमाशा यांच्या पंक्तीला बसला. पुढे तर वर्तमानपत्रांनी माणसांना बनावट कागदपत्रांवर परदेशी पोचवण्याच्या धंद्यालाच हे नाव देऊन टाकले. कवितेत पारवा आला तो बालकवींचा, पडक्या धर्मशाळेत एकटा घुमणारा. गच्चीवरच्या कबुतरावर आपल्याकडे कोणी लिहिले नाही. अण्णांना ही अप्रतिष्ठा बोचत असावी. पाहुणे आले की ते हटकून सांगत, १९४८ साली पंडित नेहरूंचा निरोप संबळपूरहून कटकला ओडिशा पोलिसांच्या कबुतराने नेला होता. पाहुणे मान डोलावत आणि कपड्यांवरचे पीस झटकत.

अण्णांना ही विद्या मोमिनपुऱ्यातल्या एका म्हाताऱ्या उस्तादांनी दिली. आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. जुन्या वाड्याच्या सागवानी फळ्या आणून त्यांनीच ढाबळ ठोकून दिली : तोंड पूर्वेला, चाळीस खण, आणि दर्शनी बाजूस लोंबत्या तारांची अशी झडप, की पक्षी ढकलून आत येईल पण बाहेर जाणार नाही. मादी दोन अंडी घाले. सतरा-अठरा दिवस नर-मादी पाळीपाळीने बसत. पिले निघाली की दोघेही आपल्या गळ्याच्या पिशवीत तयार होणारे दूध त्यांना पाजीत. पिलू आठवड्याचे होता होता त्याच्या पायात बिनजोड ॲल्युमिनियमची कडी सरकवायची. त्यावर वर्ष आणि क्रमांक. चार दिवस उशीर झाला तर पाय जाड होतो आणि कडी बसत नाही. बसली की जन्मभर निघत नाही. आमच्या शाळेच्या वेळापत्रकापेक्षा ही कड्यांची तारीख घरात अधिक काटेकोरपणे पाळली जाई.

शिकवणी सोलापूर रस्त्यावर चाले. पहिल्यांदा हडपसर, मग लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत, पाटस. वेताच्या टोपल्या एस.टी.च्या टपावर टाकून आमच्यापैकी एक जण पहाटे निघे, उजाडल्यावर झाकण उघडे, आणि परतीच्या गाडीत बसे. तो घरी पोचेपर्यंत पक्षी दाणे टिपून पेंगत असत. पुढे भिगवण आणि इंदापूर. भिगवणला उजनीचे पाणी आले की अण्णांच्या पोटात गोळा येई, कारण पाण्यावर पाणपक्षी आणि पाणपक्ष्यांवर ससाणे. परत न आलेल्या प्रत्येक पक्ष्याचा क्रमांक ते वहीत लाल शाईने लिहीत. त्यापुढे कारण लिहायची जागा असे. ती बहुधा कोरीच राही.

कबूतर वाट कशी शोधते हे अण्णा आम्हांला सूर्य, पृथ्वीचे चुंबकत्व, वास, अशा कारणांनी समजावीत; माहितीच्या मुलखात तर पक्षी सरळ रस्ते नि रूळ धरून उडतात हेही पुढे संशोधकांनी दाखवले. पण त्याने घाई का करावी, याचे उत्तर चाचांकडे होते. शर्यतीच्या आधी काही दिवस नर-मादीची ताटातूट करायची. दोघांमध्ये जाळी, मग जाळीवर पोते. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी पोते काढून काही क्षण जोडीला एकत्र येऊ द्यायचे आणि नर घुमू लागला की त्याला उचलून टोपलीत टाकायचे. युरोपात या पद्धतीला चक्क ‘वैधव्य’ असे नाव आहे. आमच्यातला धाकटा तेव्हा महाविद्यालयात ‘मेघदूत’ शिकत होता. यक्षाच्या विरहावर त्याने निबंध लिहिला, त्याला चांगले गुण पडले, आणि त्याच संध्याकाळी त्याने निळ्या नराच्या खणावर पोते टाकले. दोन्ही गोष्टी आम्ही मन लावून करीत होतो.

वस्तीत ढाबळ असणे म्हणजे काय, हे ढाबळ असलेल्या घराला कधी कळत नाही. पिसांवरची पांढरी भुकटी आम्हांला दिसत नसे, कारण ती आमच्या सगळ्याच वस्तूंवर होती. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर एक काकू दरवर्षी कुरडया, सांडगे, पोह्याचे पापड घालीत. गच्च्यांमध्ये बोळापुरते अंतर. पापडांवर पिसे उतरतात, टाकीवर विष्ठा पडते, नातवाचा खोकला हटत नाही, अशा तक्रारी घेऊन त्या तीन वेळा आमच्याकडे आल्या. अण्णांनी त्यांना बसवले, चहा दिला, नेहरूंची गोष्ट सांगितली. त्या गेल्यावर आम्ही हसलो. खोकल्याचा नि कबुतरांचा काय संबंध, असे आमच्यापैकी कोण म्हणाले ते आता आठवत नाही. दोघेही म्हणालो असू.

अण्णांचा खोकला सुरू झाला तो २००६ च्या पावसाळ्यात. कोरडा. ढाबळ झाडून खाली आले की संध्याकाळी अंगात कसर भरे, सकाळी उतरे. दमा म्हणून औषधे झाली, थंडी म्हणून झाली. वर्षभरात जिन्याच्या दुसऱ्या वळणावर थांबण्याची त्यांना सवय झाली; तिथे उभे राहून ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहात, जणू तिथी पाहण्यासाठीच थांबले आहेत. २००७ च्या नोव्हेंबरात एका डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडावर धरला आणि विचारले, “घरात पक्षी आहेत का?”

अण्णा म्हणाले, “घरात नाहीत.”

हे शब्दशः खरे होते. ढाबळ गच्चीवर होती. डॉक्टरांनी पुढे काही विचारले नाही, कागदावर काही लिहिले आणि पुढच्या महिन्यात बोलावले. आम्ही दोघेही त्या खोलीत होतो, एक खुर्चीच्या मागे आणि एक दाराशी. आमच्यापैकी कोणीही ते वाक्य पुरे केले नाही. अण्णांच्या शब्दाबाहेर जायचे नाही, असे आम्ही नंतर स्वतःला समजावले. ते काही खरे नव्हते. सोलापूरची शर्यत जानेवारीत होती, निळा नर त्या वर्षी भरात होता, आणि दोन महिन्यांनी काय बिघडते, असा विचार तिघांच्याही मनात एकाच वेळी येऊन गेला. रिक्षात कोणी बोलले नाही. घरी आल्यावर अण्णा दाणे भिजवायला वर गेले.

शर्यतीत नियम असा की पक्षी घरी येऊन भागत नाही. सोडण्याआधी त्याच्या पायात रबरी कडी घालतात. ती काढून मोहोरबंद घड्याळात टाकली की वेळ नोंदली जाते. आता त्या जागी चिप आली आहे. आमच्या वेळी पक्षी आत शिरून हाताशी येईपर्यंत तो आलाच नाही, असे धरीत. प्रत्येक ढाबळीचे अंतर वेगळे मोजलेले असते, म्हणून विजय मिनिटाला किती मीटर यावर ठरतो. सोलापूरहून आमची गच्ची सरळ रेषेत सुमारे २३५ किलोमीटर. सकाळी पावणेसातला पक्षी सोडल्याचा फोन आला. दहा वाजल्यापासून अण्णा आग्नेयेकडे पाहात उभे होते, गळ्याला मफलर, हातात ज्वारीचा डबा.

दहा वाजून वीस मिनिटांनी निळा नर आला. एकटा, खालून, पंख जवळजवळ मिटलेले. त्याने गच्चीवर एक फेरी मारली आणि तो समोरच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन बसला. असे पक्षी करतात. अशा वेळी अण्णा एक लांब शीळ घालीत, मध्ये तुटून वर चढणारी; ती ऐकली की सगळी ढाबळ झडपेकडे धावे. अण्णांनी ओठ जुळवले. हवा आली, शीळ आली नाही. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला आणि खोकल्याची उबळ आली. ते डबा घट्ट धरून खाली बसले. डबा आम्ही घेतला, वाजवला. शीळ आम्हीही घातली, पण ती आमची शीळ होती. पक्षी आमच्याकडे एका डोळ्याने पाहात राहिला.

समोर काकू उन्हात काहीतरी पसरत होत्या. टाकी त्यांच्यापासून चार हातांवर.

“हाकलू का त्याला?” त्यांनी विचारले.

“नको! हलू नका,” आम्ही म्हणालो.

त्या हलल्या नाहीत. ओले हात अंगापासून दूर धरून, अर्ध्या वाकलेल्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. अकरा मिनिटांनी निळा नर उतरला, झडपेतून आत गेला, पोते काढलेल्या जाळीशी जाऊन घुमू लागला. आम्ही कडी काढून घड्याळात टाकली. मिनिटाला १०९३ मीटरचा पक्षी १०४० चा होऊन बसला. अण्णा अजून खालीच बसले होते आणि विचारीत होते, “किती? किती झाले?”

दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो, त्यांना न घेता, आणि वाक्य पुरे केले. डॉक्टर रागावले नाहीत. पक्ष्यांच्या विष्ठेतली आणि पिसांच्या भुकटीतली प्रथिने वर्षानुवर्षे श्वासात जाऊन काही जणांच्या फुफ्फुसाला सूज येते. वेळीच दूर झाले तर ती ओसरते, नाही तर तिथे व्रण धरतात आणि ते जात नाहीत. अण्णांच्या फुफ्फुसात दोन्ही होते. दोन महिन्यांचा त्यात वाटा किती, हे आम्ही विचारले. त्यांनी सांगितले की असे मोजता येत नाही. तेव्हापासून आम्ही ते मोजत आहोत.

ढाबळ फेब्रुवारीत मोडली. समोरच्या नातवाचा खोकला पुढे हटला का, हे विचारायला आम्ही गेलो नाही. पक्षी चाचांच्या ओळखीने शिरूरच्या एका गृहस्थांना दिले. देतानाच त्यांनी बजावले, जुनी पाखरे कधी सोडायची नाहीत. त्यांना कोंडूनच ठेवायचे, त्यांच्यापासून पिले घ्यायची, ती पिले शिरूरची. मोठ्या होमरचे घर बदलत नाही. एवढी वर्षे आम्ही समजत होतो की ते आमच्याकडे परत येतात. ते त्या चौकोनी जागेकडे येत होते, पूर्वेकडे तोंड असलेल्या. आम्ही तिथे असणे हा तिचाच एक भाग असावा, टाकी होती तसा.

अण्णा त्यानंतर सहा वर्षे होते. गच्चीवर जात नसत. शीळ पुन्हा आली नाही.

२००८ च्या जून महिन्यात, पहिल्या पावसानंतर, सकाळी समोरच्या काकूंचा फोन आला. शिरूरच्या कोंडवाड्यातून कसा सुटला कोण जाणे, निळा नर त्यांच्या टाकीवर भिजून बसला होता. आमच्या गच्चीवर आता कोबा होता, आणि तो तिथे दोनदा उतरून परत गेला होता.

“तुमचं पाखरू आलंय,” त्या म्हणाल्या. “ताटलीत पाणी ठेवलंय मी, दाणे नाही घातले. घेऊन जा. आणि अण्णांना सांगू नका.”

आम्ही टोपली घेऊन बोळ ओलांडला. अण्णा खिडकीशी होते.