रबिंग

आमच्या आदिलाबादकडची माती काळी, कापसाची. पावसाळ्यात ती चपलेला धरून बसते आणि उन्हं तापली की धूळ होऊन गाड्यांवर बसते. नागपूर-हैदराबाद रस्ता, म्हणजे पूर्वीचा ७ नंबरचा आणि आताचा ४४ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग, आमच्या जिल्ह्यातूनच जातो. कापसाच्या गाड्या, सिमेंटचे ट्रक, पौष अमावास्येला केसलापूरला नागोबाच्या जत्रेला जाणाऱ्या जीपा, सगळ्यांच्या अंगावर तीच धूळ. याच धुळीवर माझ्या मामांचं घर चालतं. गावाबाहेरच्या जुन्या रस्त्यावर त्यांचं गाड्या धुण्याचं आणि रबिंग-पॉलिशचं छोटं दुकान आहे.

"तेलंगणात मराठी बोलतात?" असं मला इथे कॉलेजात पुष्कळ जण विचारतात. बेला, जैनथ या भागात फिरून बघा, मग कळेल. मामा गिऱ्हाइकाशी तेलुगूत, ट्रकवाल्यांशी हिंदीत आणि घरी आमच्याशी मराठीत बोलतात. 'रबिंग' हा शब्द मात्र तिन्ही भाषांत एकच.

रबिंग कशासाठी, ते आधी सांगते. काळी किंवा गडद लाल गाडी उन्हात उभी करून बघा. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल बारीक चरे दिसतात. लोकांना वाटतं, कुणीतरी गोल पुसल्यामुळे ते गोल झाले. तसं नसतं. चरे सगळ्या दिशांना असतात. त्यातले प्रकाशाला आडवे असतात तेवढेच चमकून डोळ्यांत भरतात, म्हणून ते दिव्याभोवती गोल दिसतात. बॅटरी हलवली की जाळंही तिच्यासोबत सरकतं. घरातलं रोज घासलेलं स्टीलचं ताट उन्हात धरलंत तर हेच दिसेल.

हे चरे बहुतेक वेळा आपणच पाडतो. धुळीत वाळूचे कण असतात आणि गाडीच्या रंगापेक्षा वाळू कितीतरी कठीण. सकाळी ड्रायव्हर पिवळं फडकं घेऊन कोरडीच गाडी पुसतो. दसऱ्याला हळद-कुंकू लावण्याआधी तर सगळं गावच कोरडं पुसतं. गाडी चकचकीत झाल्यासारखी वाटते, पण प्रत्येक फटक्याला नवे चरे पडत असतात.

आजकालच्या गाड्यांवर रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो, त्याला क्लिअर कोट म्हणतात. तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ. चरा खरोखर काढायचा म्हणजे चऱ्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा थर घासून खाली आणायचा. चरा भरून येत नाही. बाकीचा थरच त्याच्या पातळीला येतो. म्हणून दर रबिंगला गाडीचं थोडं आयुष्य खर्ची पडतं.

मामा हे काम वीसेक वर्षं हातानं करत आले. ओला स्पंज, कंपाउंड, मग मऊ कापड, मग मेण. एका बॉनेटला तास-दीड तास. तरुणपणी एका गॅरेजात कामाला असताना त्यांनी बफिंग मशीननं एका गाडीच्या दाराची कड जळालेली पाहिली होती. ते जुन्या पद्धतीचं मशीन एकाच आसावर गरगर फिरतं. एका जागी जरा थांबलं की रंग तापतो, आणि कडेला तर थर मुळातच पातळ असतो. तेव्हापासून त्यांचं ठरलेलं वाक्य, "मशीनले दया नसते."

पण मागच्या वर्षी त्यांचा उजवा खांदा धरला. रात्री कूस बदलता येईना. डॉक्टरांनी घासण्याचं काम कमी करायला सांगितलं. कमी करायचं म्हणजे दुकान बंद करायचं, कारण नुसत्या धुण्यावर घर चालत नाही. मग मामीनं बचत गटातून कर्ज काढलं आणि दुसऱ्या जातीचं मशीन आणलं. हे फिरतं आणि फिरता फिरता थरथरल्यासारखं इकडेतिकडे सरकतंही. जास्त दाबलं तर त्याचं फिरणंच थांबतं. त्यामुळे रंग जळायची भीती बरीच कमी.

मामांचा विश्वास बसेना. त्यांनी भंगारातून एक काळं बॉनेट आणलं आणि मधोमध चिकटपट्टी लावली. डावी बाजू ते हातानं करणार, उजवी त्यांच्याकडे काम शिकणारा पोरगा मशीननं. सुट्टीत मी तिथेच होते, बॅटरी धरायचं काम माझ्याकडे आलं. पोरगा पंधरा-वीस मिनिटांत मोकळा झाला. मामांना तास लागला. पट्टी काढल्यावर दोन्ही बाजू सारख्याच दिसत होत्या, खरं तर मामांची बाजू जरा जास्तच ओली, गहिरी दिसत होती. मामा हसले.

मग पोरग्यानं स्पिरिटमध्ये भिजवलेलं कापड दोन्हीकडून फिरवलं. पॉलिशमधलं तेल आणि मेणचट भराव चऱ्यांत बसून त्यांना झाकतो. स्पिरिटनं तो निघून जातो आणि खरं काय ते दिसतं. मशीनची बाजू तशीच राहिली. मामांच्या बाजूचे उथळ चरे गेले होते, पण खोल चऱ्यांचं जाळं परत वर आलं. हाताचा दाब बोटांखाली जास्त, मधल्या जागेत कमी, आणि हात कितीही चालला तरी मशीनच्या वेगानं चालत नाही.

मामा बराच वेळ बॉनेटकडे बघत बसले. मग म्हणाले, "मंग वीस वर्षं मी लोकायले नुसती चमकच इकली का वं?"

मामी चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "लोक चमकच मांगत होते. तुमी खोटं कवा बोलले?"

'रबिंग' या शब्दामागेही असाच एक काळ आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीनं 'ड्यूको' नावाचा रंग आणला. त्याआधी गाडी रंगवून वाळायला आठवडे लागत, या रंगामुळे ते काम तासांवर आलं. पण फवारल्यावर तो मंद दिसे, घासूनच त्याला चमक आणावी लागे. आमच्या शेजारी निर्मळला, जे २०१६ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होतं, लाकडी खेळणी याच ड्यूको रंगांनी रंगवतात. पोणिकीचं हलकं लाकूड, सांध्यांवर चिंचोक्याच्या खळीत कालवलेला भुसा, तो घासून गुळगुळीत करायचा आणि मग रंग. तिथे हाताला पर्याय नाही, कारण पोपटाच्या मानेला मशीन लावता येत नाही. प्रश्न हात की मशीन एवढाच नसतो. काम कुठलं आहे आणि खाली थर किती शिल्लक आहे, हेही बघावं लागतं.

हे मला नंतरच्या आठवड्यात नीट समजलं. एक टॅक्सीवाला जुनी घेतलेली काळी गाडी घेऊन आला. लग्नाचं भाडं मिळालं होतं, गाडी आरशासारखी हवी होती आणि पैसेही तो चांगले देत होता. मशीनचा पहिला हप्ता तोंडावर होता. पोरग्यानं मशीन जोडलंसुद्धा. मामांनी टपावरून तळहात फिरवला, कडेशी वाकून पाहिलं. एका कोपऱ्यात करडा प्रायमर डोकावत होता आणि टपावर फिकट ढगांसारखे डाग होते. आधी कुणीतरी बरेचदा घासून थर संपवत आणला होता. मामांनी मशीनची पिन काढली.

"याच्यावर आता घासू नोको," ते म्हणाले. "धुऊन मेण लावून देतो. चरे दिसतील, पन रंग राहील." आणि धुण्या-मेणाचेच पैसे घेतले. टॅक्सीवाला कुरकुरत गेला. मामी त्या दिवशी बोलली नाही. हप्ता तिनं कापूस वेचणीच्या मजुरीतून भरला, हे मला उशिरा कळलं.

आता दुकानात मोठे सपाट भाग पोरगा मशीननं करतो. कडा, दाराच्या मुठींमागचा भाग आणि नंबरपट्टीभोवतीची जागा मामा हातानं करतात. मशीन लावण्याआधी प्रत्येक गाडीवरून त्यांचा तळहात फिरतो आणि पोरग्यालाही ते तेच आधी शिकवतात. खांदा अजून दुखतो, पण रात्री झोप लागते. मशीनचे आणखी सात हप्ते बाकी आहेत.

तुमच्या घरी गाडी असेल तर मामांच्या वतीनं एवढंच सांगते. ती कोरडी पुसू नका. आधी पाण्यानं धूळ वाहू द्या. दोन बादल्या ठेवा, एकीत साबण आणि दुसरीत कापड खळबळायला साधं पाणी. जे चरे पडलेच नाहीत, ते कुणालाच काढावे लागत नाहीत. त्यात मामांचं एखादं गिऱ्हाईक कमी होईल, पण हे सांगायला त्यांनीच सांगितलंय.