आषाढातला आकडा



परवा बस्तीत स्वाध्याय संपल्यावर एक नवी सून माझ्याशेजारी येऊन बसली. घरी सोलर बसवायचं चाललंय, म्हणाली, पण पावसाळ्यात ते बंदच पडतं असं सासूबाईंच्या कानावर आलंय. "आणि बसवणारे सरळ फसवतात म्हणे, काकू." कुठं ऐकलं, हे मी तिला विचारलं नाही. ते वाक्य माझंच होतं. मागच्या वर्षी जुलैत, त्याच ओट्यावर बसून मी ते चारचौघींत बोलले होते.

म्हणून आज सगळं हिशेबासकट लिहिते.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत आमच्या सांगलीच्या घरावर 3 किलोवॅटचं सोलर बसलं. 78,000 रुपये सरकारी अनुदान मिळालं, बाकीचे ह्यांच्या फंडातले. बसवणारा मुलगा गावातलाच, नुकताच धंद्यात पडलेला. "काकू, वर्षाची सरासरी रोज 12 युनिट धरा," असं तो म्हणाला होता. मी बी.कॉम. झालेली बाई, त्याच दिवशी वही घातली. तारीख, युनिट, शेरा. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली की इन्व्हर्टरवरचा आकडा उतरवून घ्यायचा, हा नेमच झाला.

मार्चमध्ये रोज 14 च्या आसपास यायला लागले. मी मनात मांडलं, मार्चला 14 तर मे महिन्यात 16-17 कुठं गेले नाहीत. मेचं ऊन म्हणजे सकाळी घातलेल्या कुरडया दुपारपर्यंत कडकडीत! प्रत्यक्षात आले साडेबारा. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

आता कळतंय ते असं. पॅनेलला उजेड लागतो, उष्णता नको असते. त्याची ताकद कारखान्यात मोजतात ती पॅनेल 25 अंशांवर असताना. त्यापुढच्या प्रत्येक अंशाला साधारण 0.3 ते 0.4 टक्के वीज कमी होते. मे महिन्यात बाहेर 39 अंश असले तरी गच्चीवर तापलेलं पॅनेल 60 च्या पुढं जातं. 35 अंश जास्तीचे, म्हणजे बारा-तेरा टक्के तिथंच गेले. आमच्या वाणिज्य शाखेत ह्याला घसारा म्हटलं असतं. शिवाय पॅनेल दक्षिणेकडे कललेली, आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात सांगलीत दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन पुढं उत्तरेकडे सरकतो, तो थेट ऑगस्टपर्यंत. पंचांगातली सूर्यास्ताची वेळ मी चाळीस वर्षं पाहतेय. दिवस मोठा म्हणजे वीज जास्त, असा सरळ हिशेब मी त्यावरूनच केला होता.

मग आषाढ लागला. 7, 5, 6, आणि एक दिवस तर 2.8. ह्यांचा फंड गेला, असंच मला वाटलं. मुलाला बोलावलं. तो भर पावसात गच्चीवर चढला, वायरी तपासल्या, म्हणाला, "काकू, काही बिघाड नाही, ढग आहेत." मी म्हणाले, "ढग आम्हालाही दिसतात. घरात लख्ख उजेड आहे, मग वीज कुठं जाते?" आणखीही बोलले, ते लिहीत नाही. तो चहा न घेता गेला. त्या आठवड्यात बस्तीत मी ते वाक्य बोलले. दोन घरांनी त्याला नको म्हणून कळवलं, हे मला नंतर समजलं.

ऑगस्टच्या शेवटी दोन दिवस स्वच्छ उघडीप पडली. आकडा आला 14.6. तीच पॅनेल, तोच इन्व्हर्टर. पावसानं काचा धुऊन निघालेल्या, हवा निर्मळ आणि गार. रात्री वही घेऊन बसले. जुलैच्या प्रत्येक कमी आकड्यासमोर माझ्याच अक्षरात शेरा होता: झड. ढग. दिवसभर भुरभुर. लिहिलं मी, आणि वाचलं नव्हतं मीच.

घरात उजेड दिसतो, कारण आपला डोळा जुळवून घेतो. कमी उजेडात बाहुली मोठी होते आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. पॅनेलला असं जुळवून घेता येत नाही. पातळ पांढऱ्या ढगातून निम्मी वीज तरी मिळते, काळ्या दाट ढगातून पाव हिस्सा किंवा त्याहूनही कमी. पण रात्र पडेपर्यंत पूर्ण बंद ते पडत नाही.

हिवाळ्यात ऊन कोवळं, पॅनेल गार, तेव्हा चांगलं चालतं. पण गळीत हंगामात पाचट पेटवलं की काजळी गच्चीवर येते, त्यावर दव पडून लेप बसतो. मी गाळलेल्या पाण्यानं, अगदी सकाळी, मऊ फडक्यानं पुसते. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नका. पाण्याच्या टाकीची सावलीही बघा. एका पॅनेलवर पडली तरी एकाच ओळीत जोडलेली बाकीची ढिली पडू शकतात.

वर्षाची बेरीज 4,210 युनिट. रोजचे साडेअकरा. एप्रिल-मेमध्ये जमा झालेली युनिटं जुलैच्या बिलात वळती झाली होती, तेही मी पाहिलं नव्हतं.

क्षमावाणीच्या दिवशी त्याच्या दुकानात गेले. ह्यांनी फोन कर म्हटलं होतं, पण मला ते पटलं नाही. "उत्तम क्षमा," म्हणाले. तो म्हणाला, "जाऊ दे काकू," आणि चहा मागवला. त्याला बरं वाटलं असेल, मला तर फारच वाटलं. पण दुकानात आम्ही दोघंच होतो. जिथं चारचौघींत बोलले होते, त्या ओट्यावर मी वर्षभर गप्प राहिले.

परवा त्या सुनेला मी सांगितलं, ते वाक्य कुणाचं होतं ते. ती जरा दचकली. तिच्या सासूबाईंकडे रविवारी जाऊन येणार आहे. वही सध्या तिच्याकडेच दिलीय, शेऱ्याचा रकाना आधी वाच म्हणून. तोवर आकडे कॅलेंडरवर लिहितेय. काल 4.1. झड.