चार ते सहा

२००१ च्या डिसेंबरात संसदेवर हल्ला झाला आणि पुढच्या काही दिवसांतच आमची रेजिमेंट पुण्याहून हलली. इंजिनियर रेजिमेंट, म्हणजे सॅपर लोक. पूल बांधणं, रस्ते करणं आणि वेळ आली की सीमेवर सुरुंग पेरणं ही त्यांची कामं. सुट्टीवर गेलेल्यांना तारा करून बोलावून घेतलं, रात्रंदिवस सामान भरणं चाललं आणि मिल्ट्री स्पेशल राजस्थानकडे निघून गेली. ह्या सगळ्याला ‘ऑपरेशन पराक्रम’ म्हणतात हे आम्हा बायकांना पुढे पेपरात कळलं. तेव्हा एवढंच ठाऊक होतं की आता पत्ता ५६ एपीओ, म्हणजे फौजेचं टपाल ऑफिस.

मागे राहिल्या क्वार्टर्स, त्यातल्या बायका-मुलं आणि रिअर पार्टी. युनिट बाहेर गेलं की मागचं बघायला मोजकी माणसं ठेवतात, ती ही रिअर पार्टी. एक सुभेदारसाहेब, एक क्लार्क, थोडे जवान. कुणी पेन्शनीला आलेला, कुणी मेडिकल कॅटेगरीतला. पाण्याची मोटर बिघडली, कुणाला रात्री कळा सुरू झाल्या, कुणाचा मनीऑर्डरीचा घोळ झाला, सगळं त्यांच्याच गळ्यात.

माझं माहेर आणि सासर दोन्ही कोरेगाव तालुक्यातलं. आमच्याकडे मिल्ट्रीतला माणूस नाही असं घर शोधावं लागतं. अपशिंगे तर गावाच्या नावातच ‘मिलिटरी’ लावतं. त्यामुळे हे गेल्यावर आत्याबाईंचा पहिला निरोप आला तो हाच, की पोरं घेऊन गावाला ये, इथं दहा माणसं आहेत बघायला. ते खरंच होतं. गावात पोराला कधी एकटं वाटत नाही. कुणीही जेवायला बसवतं, कुणीही कान पिरगाळतं. पण त्याच गावात ‘तू सैनिकाचा पोरगा ना, मग रडतोस काय’ हेही दिवसातून चारदा ऐकावं लागतं. मुलगी चौथीत, मुलगा बालवाडीत, शाळेचं वर्ष अर्धं झालेलं. मी गेले नाही.

पहिला महिना मुलं मजेत होती. घरात धाक नाही, टीव्हीवर रणगाडे दिसतात, शाळेत भाव वधारलेला. संक्रांतीच्या सुमाराला कुरबुरी सुरू झाल्या. मारामाऱ्या, पाटी-दप्तर हरवणं, मोठ्या मुलांचं अंथरूण ओलं होणं. समोरच्या ब्लॉकमधल्या एका नायकाचा तिसरीतला मुलगा दर सोमवारी पोट दुखतं म्हणून एमआय रूमला, म्हणजे मिल्ट्रीच्या दवाखान्यात. डॉक्टर तपासायचे, पोटात काही सापडायचं नाही. शेवटी तिथल्या नर्सिंग असिस्टंटनंच त्याला विचारलं, सोमवारीच कसं रे दुखतं? तेव्हा उलगडा झाला. सोमवारी शाळेत पांढरा ड्रेस आणि पांढरे कॅनव्हासचे बूट. बुटांना पॉलिश लावणं हे रविवारी रात्रीचं बापाचं काम. बाप गेल्यापासून बूट मळकेच, आणि पीटीचे सर त्याला रांगेतून बाहेर काढायचे. आईच्या मांडीवर तीन महिन्यांचं बाळ, तिच्या लक्षात कुठून यावं?

आता वेल्फेअरबद्दल सांगते. ‘आवा’ म्हणजे आर्मी वाइव्ह्ज वेल्फेअर असोसिएशन, १९६६ सालची. वर चीफसाहेबांच्या पत्नीपासून खाली युनिटमध्ये सीओसाहेबांच्या पत्नीपर्यंत, म्हणजे आमच्या मेमसाबपर्यंत, तिची उतरंड. नवऱ्याची जी रँक तीच बायकोची, हे कुठं लिहिलेलं नाही पण खुर्च्या तशाच मांडतात. ह्या संस्थेनं पुष्कळ कामं उभी केली आहेत. वेगळी काळजी लागणाऱ्या मुलांसाठीच्या आशा शाळा तिच्याच. आमच्या फॅमिली वेल्फेअर सेंटरमध्ये शिवणाची मशिनं होती, मसाले-लोणची व्हायची, महिन्याची मीटिंग व्हायची.

युनिट बाहेर गेलं तसे मुलांसाठी कार्यक्रम सुरू झाले. चित्रकला स्पर्धा, फॅन्सी ड्रेस, लकी डिप, शेवटी समोसा आणि फ्रूटी. हेतू चांगलाच होता. पण फॅन्सी ड्रेसला निम्मी मुलं फौजी होऊन आली आणि माइकसमोर ‘मेरे पापा बॉर्डर पर हैं’ म्हणताना एक मुलगी जी गप्प झाली ती बोलेचना. टाळ्या मात्र तिलाच जास्त मिळाल्या. मला ते बघवलं नाही. बापाची आठवण मुलाला कधी यावी हे त्याचं त्याला ठरवू द्यावं, दर शनिवारी स्टेजवर बोलावून काढायची ती वस्तू नव्हे.

पुढच्या मीटिंगमध्ये मी उभी राहून म्हटलं, मेमसाब, कार्यक्रम नको, रोजची एक खोली द्या. चार ते सहा. हवालदाराची बायको असं बोलते म्हणून दोघी-तिघींनी माझ्याकडे वळून पाहिलं. मेमसाबनी मात्र पंखा आणि फळा आहे का एवढंच विचारलं आणि किल्ली दिली. त्यांचे साहेबही तिकडेच होते, त्यांचीही मुलगी नखं खात होती.

शिवणाची मशिनं भिंतीला सरकवून सतरंज्या टाकल्या. मी बी.एड. झालेले, पण नोकरी कुठल्याच स्टेशनला टिकलेली नाही. गणिताला आंध्रची एक बाई होती, बी.एससी., हिंदी मोडकंतोडकं पण अपूर्णांक शिकवण्यात तिचा हात कुणी धरू नये. क्वार्टर्समध्ये सगळ्या मुलखांतली मुलं, त्यामुळे बोलणं सगळं हिंदीत. मुलं मला आंटी म्हणायची, गणिताच्या बाईला मॅडम. मला ‘मॅडम’ कधीच कुणी म्हटलं नाही, ह्याचं थोडं वाईट वाटायचं.

नियम एकच ठेवला: काहीही झालं तरी चारला दार उघडणार. लाइट गेली तर अंगणात, पाऊस आला तर व्हरांड्यात. चारला कुणीतरी ठरलेलं माणूस तिथं असतं हे महिनाभरात मुलांच्या अंगवळणी पडलं आणि निम्म्या तक्रारी तिथंच विरल्या. अभ्यास कमीच व्हायचा, हेही सांगून टाकते. शनिवारी रिअर पार्टीतला एक लान्स नायक यायचा आणि सगळ्यांचे बूट ओळीनं मांडून पांढरं पॉलिश कसं चढवायचं ते शिकवायचा. आधी ओल्या फडक्यानं पुसायचं, नाड्या काढायच्या, पातळ हात द्यायचा, वाळला की दुसरा. कडेच्या रबराला लागलं तर लगेच पुसायचं. पोटदुखीवाला मुलगा त्यात इतका तयार झाला की मोठ्या मुलींचे बूट पंचवीस पैशांत करून द्यायला लागला. ते मी बंद केलं नाही.

फोनचं एक होतं. रविवारी रिअर पार्टीच्या ऑफिसात मिल्ट्री एक्सचेंजवरून फोन यायचे. रांग लागायची, वाट्याला दोन-तीन मिनिटं, त्यात खरखर. आई बोलून झाली की रिसीव्हर मुलाच्या कानाला. तिकडून ‘कैसा है? पढ़ाई कर रहा है?’, इकडून ‘हां’. झालं, वेळ संपली. मूल घरी येऊन आदळआपट करायचं, कारण आठवडाभर साठवलेलं ऐनवेळी आठवायचंच नाही. म्हणून शनिवारी बूट वाळेपर्यंत आम्ही चिठ्ठ्या लिहून घ्यायला लागलो. उद्या पापांना काय सांगायचं, तीन ओळी. एकानं लिहिलं होतं: कंपास खो गया, मम्मी ने मारा, मारना ठीक था. दुसऱ्यानं: आपका स्कूटर चालू करके देखते हैं, चिंता मत करना. माझ्या मुलीनं लिहिलेलं मला दाखवलं नाही, आणि मी मागितलंही नाही. ती चिठ्ठी बघून बोलायची आणि मग गिळून टाकावी तशी फ्रॉकच्या खिशात खोल कोंबायची.

शाळांशीही भांडणं झाली. एका शाळेनं सहलीच्या फॉर्मवर बापाचीच सही पाहिजे म्हणून आमची मुलं परत पाठवली. आईची चालणार नाही! सुभेदारसाहेब युनिफॉर्म चढवून, छातीवर मेडलच्या पट्ट्या लावून तिथं गेले. आत काय बोलणं झालं ठाऊक नाही, पण दुसऱ्या दिवशी आयांच्या सह्या चालल्या. केंद्रीय विद्यालयात ही कटकट कमी, कारण बदलीवाल्यांच्या मुलांची त्यांना सवयच.

१४ मे २००२ ला जम्मूजवळच्या कालूचकला अतिरेकी बसमधल्या लोकांवर गोळ्या झाडून जवानांच्या फॅमिली क्वार्टर्समध्ये घुसले. बायका-मुलं मारली गेली. तोवर मुलांच्या डोक्यात हिशोब सरळ होता: पापा धोक्यात, आपण घरात. त्या बातमीनं तो मोडला. सुट्टीत बरीच गावाला गेली होती, जी राहिली होती ती दुसऱ्या दिवशी चारच्या आधीच दाराशी बसलेली. ‘आंटी, वो क्वार्टर भी ऐसे ही थे क्या?’ पिवळ्या भिंती, बाहेर जिना, गॅलरीत वाळत घातलेले कपडे. तसेच होते. टीव्हीवर त्यांनी पाहिलं होतं, खोटं काय सांगणार? मी हो म्हटलं.

सुभेदारसाहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, बच्चों को मेरे पास भेजिए. त्यांनी मुलांना गेटवर नेलं. संत्री कुठं उभा राहतो, रात्री किती जण असतात, मागचं कुंपण कुठं फाटलं होतं आणि परवा कसं शिवलं, शिटी वाजली तर कुणी कुठं जायचं, सगळं दाखवलं. कुंपणातली आणखी एक फट मुलांनीच त्यांना दाखवली, त्यातून ती चिंचा पाडायला जात होती. ती फट त्यांच्यादेखत बंद झाली. ‘काही होत नाही’ असं सुभेदारसाहेब एकदाही म्हणाले नाहीत. मुलं त्या रात्री झोपली की नाही मला माहीत नाही, माझी झोपली.

सुरुंग पेरताना अपघात झाले. नुसते आमच्याच युनिटमध्ये नाही, सीमेवर ठिकठिकाणी. आमच्यातल्या एकाचा पाय घोट्याच्या वरून गेला. त्याआधी एकदा कुजबुजीतून भलत्याच घरी रडारड झाली होती, त्यामुळे ह्या वेळी मेमसाबनी सगळ्यांना बजावलं: आधी त्या घरी सांगायचं, आई मुलांना सांगेल, त्यानंतरच बाकीच्यांनी तोंड उघडायचं. पुढे कृत्रिम पायासाठी त्यांना पुण्यालाच आर्टिफिशियल लिंब सेंटरमध्ये आणलं. १९४४ पासून ते सेंटर सैनिकांना हातपाय बसवून देतंय. त्यांच्या मुलानं विचारलं, मी दोस्तांना घेऊन जाऊ? मोठ्यांना धास्ती, पण मुलं गेली. पाय रात्री काढून ठेवता का, मोजा कुठल्या पायाला घालता, फुटबॉल मारला तर निघून येईल का, असे सवाल झाले. त्यांनी पाय काढून मुलांच्या हातात दिला. वजनाला जड आहे, ह्यावर सगळ्यांचं एकमत झालं.

ऑक्टोबरात सरकारनं फौज मागे घ्यायचं जाहीर केलं. शेजारच्या युनिटचे लोक हळूहळू परतले, दिवाळीला त्यांच्या ब्लॉकमध्ये बाप आकाशकंदील लावताना दिसायचे. आमचे आले नाहीत. सुरुंग सॅपरनीच काढायचे, आणि पेरण्यापेक्षा काढायला वेळ फार. वाळू सरकते, खुणा हलतात. हे मुलांना समजावताना नाकी नऊ आले. लढाई झाली नाही, मग पापा का नाही आले? त्या दिवाळीइतकं अवघड आधीच्या वर्षात काहीच नव्हतं.

आणि ते आले तेव्हाचं तर कुणालाच सुचलं नव्हतं. आमच्या मुलानं ह्यांना दारात पाहून नमस्ते केलं, पाहुण्यांना करतो तसं. हे पाणी मागायचे, तो माझ्याकडे बघायचा, देऊ का म्हणून. घरोघरी तेच. बापानं हुकूम सोडायचा आणि मुलानं आईचा होकार घ्यायचा, त्यावरून आवाज चढायचे. जाण्याच्या वेळी एवढे कार्यक्रम झाले, परत येण्यासाठी कुणी एक मीटिंग घेतली नाही. ‘आता पापा आलेत, क्लास बंद करा’ असंही कुणी सुचवलं. मी म्हटलं, खोली माझ्याकडे आहे तोवर चारला उघडणार. उलट बापांना सांगितलं, सहाला न्यायला तुम्ही या. काही आले. घरापर्यंतच्या त्या पाच मिनिटांत आई मध्ये नसायची.

मग आमची बदली निघाली. किल्ली मी हरियाणाच्या एका बाईकडे दिली, हुशार, एम.ए. झालेली. तिनं पहिल्याच आठवड्यात महिना तीस रुपये फी लावली. फुकटचं असलं की लोक किंमत करत नाहीत आणि मुलं मनाला येईल तेव्हा येतात, असं तिचं म्हणणं. पैशांतून तिनं गणिताची पुस्तकं आणली, निकालही चांगले लागले म्हणे. शनिवारचे बूट तिनं बंद केले. मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही.